लोखंडाची चौकट, चामड्याची बैठक

लोखंड आणि चामडे यांच्या आयुर्मानाचा मुळातच मेळ बसत नाही. चांगल्या गोल सळईची खुर्ची, तिच्यावर वेळच्या वेळी रंगाचा हात फिरत राहिला, तर दोन-तीन पिढ्या सहज पाहते. तिच्यावर ताणलेली चामड्याची बैठक मात्र, ती कितीही कसबाने शिवलेली असली, तरी कालांतराने सुरकुतते, कोपऱ्यांशी विरते, आणि एके दिवशी एखाद्या भारदस्त पाहुण्याला भर बैठकीत जमिनीवर आणून आपली सेवा समाप्त करते. परिणामी माळ्यांवर, गच्च्यांवर आणि जुन्या बाजारांत असे कितीतरी सांगाडे पडून असतात, की ज्यांचे लोखंड अद्याप ठणठणीत आहे, परंतु बैठक नसल्यामुळे ज्यांना खुर्ची म्हणवून घेण्याचा अधिकार उरलेला नाही. अशा सांगाड्यांना नवी बैठक शिवून देणे हा वरवर पाहता दुरुस्तीचा, म्हणजे आपल्याकडे दुय्यम समजला जाणारा, उद्योग. पण त्यात थोडे खोल उतरले, की खुर्चीचे श्रेय आजवर ज्यांच्या पदरी पडत आले त्यांच्या आणि ते ज्यांना मिळायला हवे होते त्यांच्या मधले अंतर ध्यानात येऊ लागते.

या विषयाची गोष्ट सांगायची, तर ती अर्जेंटिनापासूनच सांगावी लागते. १९३८ साली ब्यूनोस आयर्स येथे आंतोनी बोनेत, हुआन कुर्चान आणि होर्हे फेरारी हार्दोय या तीन तरुण वास्तुकारांनी एक खुर्ची आखली. तिघेही पंचविशीच्या आगेमागे असलेले. तिघांनीही पॅरिसमध्ये ल कॉर्ब्यूझिए यांच्या कार्यालयात उमेदवारी केलेली. आणि त्यांतला बोनेत हा तर मूळचा बार्सेलोनाचा, स्पेनमधील यादवी युद्धाच्या धामधुमीत मायदेश दुरावल्यामुळे मित्रांपाठोपाठ अटलांटिक ओलांडून आलेला. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती खुर्ची ‘बी. के. एफ.’ या नावाने ओळखली जाऊ लागली; पुढे अमेरिकेत तिला कोणी ‘हार्दोय खुर्ची’ म्हटले, आणि बैठकीचे चार कोपरे पंखांसारखे पसरलेले दिसतात म्हणून लोकांनी ‘फुलपाखरू’ म्हटले. १९४० साली ब्यूनोस आयर्समधील सजावटकारांच्या प्रदर्शनात ती मांडली गेली व तिला पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील एडगर कॉफमन धाकटे यांची तिच्यावर नजर गेली आणि त्यांनी दोन खुर्च्या मागवून घेतल्या: एक संग्रहालयासाठी, आणि दुसरी फ्रँक लॉइड राइट यांनी कॉफमन कुटुंबासाठी धबधब्यावर बांधलेल्या त्या प्रसिद्ध ‘फॉलिंगवॉटर’ घरासाठी.

तिची कुळी शोधू गेल्यास मात्र आपण आणखी मागे, जोसेफ बेव्हर्ली फेन्बी नावाच्या एका इंग्रज गृहस्थापर्यंत जाऊन पोहोचतो. फेन्बीने १८७७ साली घडीच्या एका लाकडी खुर्चीचे एकस्व घेतले होते. दांड्यांची जुडी उलगडावी, तिच्या चार टोकांवर एक झोळी चढवावी, की छावणीत बसण्याची सोय झाली. हीच खुर्ची पुढे इटालियनांच्या हाती पडली आणि लिबियातील त्यांच्या अंमलामुळे त्रिपोली शहराचे नाव घेऊन ‘त्रिपोलिना’ झाली. तेव्हा ब्यूनोस आयर्सच्या त्रिकुटाने अगदी शून्यातून काही निर्माण केले असे म्हणता येणार नाही. त्यांनी केले ते एवढेच, की घडीचा मोह सोडला, लाकडाच्या जागी सुमारे बारा मिलिमीटर जाडीची सळई घेतली, तिची दोन बंद वेटोळी वाकवून एकमेकांत गुंतवली आणि ती जेथे एकमेकांना छेदतात तेथे कायमची सांधली. दोन टोके मागे उंच, दोन पुढे सखल, खाली जमिनीवर टेकणारे वाक, आणि मध्ये काही नाही. लोखंडाचा हा सगळा खटाटोप केवळ हवेतली चार टोके धरून ठेवण्यासाठी आहे. ज्यावर माणूस बसतो, पाठ टेकतो, पाय आखडतो किंवा दुपारची डुलकी घेतो, ते सर्व चामडे आहे.

हे चामडे ब्यूनोस आयर्सकरांना शोधत जावे लागले नाही. अर्जेंटिनातील पांपाच्या अफाट कुरणांवर वसाहतकाळापासून गुरांचे कळप मोकाट वाढलेले. मांस टिकवण्याची आणि परदेशी धाडण्याची सोय होईपर्यंत त्या गुरांची खरी किंमत कातड्यापुरतीच होती, आणि ‘गाउचो’ म्हणून ओळखले जाणारे तेथले घोडेस्वार गुराखी लगाम, दोर, बाजा, पेटारे असे संसारातले निम्मे जिन्नस कातड्याचेच करीत. लाकडी चौकटीवर कातड्याच्या वाद्या ताणून केलेली बाज ही त्या मुलखातली जुनी चीज. त्यामुळे वास्तुकारांच्या कागदावरची ती चार टोके पाहून तेथील खोगीर शिवणाऱ्याला फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते. संग्रहालयाच्या नोंदीत तिन्ही वास्तुकारांची नावे आहेत, उत्पादक कंपनीचे नाव आहे, सळईची आणि चामड्याचीही नोंद आहे. ते चामडे ज्याने कापले व शिवले त्याच्यासाठी त्या नोंदवहीत रकाना नाही.

पुढचा प्रकार मोठा उद्बोधक आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ च्या सुमारास, अमेरिकेतील नोल कंपनीने या खुर्चीचे उत्पादन हाती घेतले. खुर्ची लोकप्रिय होताच नकला निघाल्या. कंपनीने दावा लावला. आणि १९५० च्या सुमारास तो दावा कंपनीच्या विरुद्ध गेला. चौकटीवर कोणाचीही मालकी राहिली नाही म्हटल्यावर कोणत्याही लोहाराने ती वाकवावी आणि कोणत्याही दुकानदाराने विकावी अशी मुभा मिळाली, आणि पन्नाशीच्या त्या दशकात अमेरिकेतल्या अंगणाअंगणांतून ही खुर्ची दिसू लागली. पण चौकट स्वस्त झाली तरी चामडे काही स्वस्त होईना. म्हणून व्यापाऱ्यांनी चामड्याला रजा दिली आणि रंगीबेरंगी कॅनव्हासच्या झोळ्या चढवल्या, ज्या दोन-चार उन्हाळ्यांत विरल्या, फाटल्या, नि बदलल्या गेल्या. माझ्या मते या निकालाने एक गोष्ट नकळत सिद्ध केली: ज्या गोष्टीची नक्कल एका दुपारात होते ती म्हणजे लोखंडाचा आकार, आणि जिची होत नाही ती म्हणजे त्यावर नीट बसणारी चामड्याची बैठक. खुर्चीचा जीव कोणत्या भागात आहे याचा याहून चोख पुरावा मागण्याची गरज नाही.

धातू आणि चामडे यांच्या सोयरिकीची आणखीही उदाहरणे आहेत, आणि त्यांत गंमत अशी, की आपण ज्याला मूळ समजतो ते पुष्कळदा मागाहून आलेले असते. मार्सेल ब्रॉयर याने १९२५ साली डेसाऊच्या बाउहाउसमध्ये सायकलच्या दांडीकडे पाहून वाकवलेल्या पोलादी नळ्यांची जी खुर्ची केली, ती आज काळ्या चामड्याच्या पट्ट्यांनिशी डोळ्यांसमोर उभी राहते. वास्तविक आरंभी तिच्यावर ताणलेले होते ते मेण लावून घट्ट केलेल्या सुताचे कापड. चामडे आले ते पुष्कळ नंतर, साठीच्या दशकात, बोलोन्याच्या दीनो गाव्हीना याने तिचे पुनरुत्पादन आरंभले तेव्हा. आणि ‘वासिली’ हे नावही त्याच वेळचे. मीस व्हान डेर रोहे याच्या १९२९ सालच्या बार्सेलोना खुर्चीत तर चामड्याच्या गाद्या सर्वांना दिसतात, पण त्यांच्या खाली चौकटीवर आवळलेले, सगळा भार वाहणारे जाड चामडी पट्टे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. जुनी बार्सेलोना खुर्ची खचली, की कारागीर प्रथम गादी उचलून ते पट्टे पाहतो.

मराठी माणसाचा या नव्या धर्तीच्या खुर्च्यांशी आरंभीचा एक थेट संबंध एका संस्थानिकाच्या द्वारे आला. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला आणि तो सजवताना गिलिटाच्या नळ्या, काच, कृत्रिम व खरे चामडे यांचे अद्ययावत फर्निचर युरोपातून मागवले. मुथेसियसच्या लाल आरामखुर्च्यांच्या बाजूंनाच वाचनाचे दिवे बसवलेले होते. ल कॉर्ब्यूझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियाँ यांच्या सुप्रसिद्ध नळीच्या लांब खुर्चीवर महाराजांसाठी चक्क बिबट्याचे कातडे चढवले गेले. अहिल्याबाईंच्या घराण्यातला हा पुरुष ब्रांकुशीची शिल्पे विकत घेत होता आणि मान रे त्याची छायाचित्रे काढीत होता, हे आपल्याकडील इतिहासलेखनात तळटिपेतही क्वचित येते. संस्थाने विलीन झाली. १९८० साली त्या राजवाड्यातील पुष्कळसे सामान मोनाकोत लिलावात निघाले. आणि माणिकबागेत सीमाशुल्क व उत्पादनशुल्क खात्याची कचेरी थाटली गेली. कचेरीत अर्थात सरकारी खुर्च्या आल्या.

तथापि, लोखंडाला चामडे टांगून त्यावर भार तोलण्याची विद्या महाराष्ट्राला इंदूरच्या राजवाड्यातून शिकण्याचे काही कारण नव्हते. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. मोटेच्या तोंडाला लोखंडी कडे, त्या कड्याला शिवलेले म्हशीचे वा बैलाचे कमावलेले चामडे, खाली निमुळती सोंड. वरचा नाडा आणि सोंडेचा सोंदूर बैलांच्या खांद्याशी बांधलेले. आणि धावेवरून बैल उतरू लागले, की शंभरावर लिटर पाणी पोटात घेऊन ते चामडे विहिरीतून वर यायचे आणि थारोळ्यात रिते व्हायचे. दिवसातून शेकडो वेळा भिजायचे, ताणायचे, कड्याशी घासायचे. या चामड्याची शिवण कड्यापाशी उसवली तर मोसमात सगळे शेत तहानेने मरायचे, म्हणून ती शिवणारा चांभार हा बलुतेदारांत गणला जाई व सुगीला खळ्यावरून आपला वाटा उचली. ज्याच्या हातचे पाणी गावाला चालत नसे त्याच्या हातच्या मोटेचे पाणी मात्र गावातल्या प्रत्येक उसाला आणि मळ्याला चाले, ही विसंगती त्या काळच्या कोणाही प्रतिष्ठिताला खटकल्याचे दिसत नाही. मद्रासेकडे १९०३ च्या सुमारास आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम पद्धतीने चामडे कमावण्याचे प्रयोग केले, त्यामागेही विहिरीवरच्या चामडी मोटा पाण्यात कुजतात ही अडचण होती. पुढे पत्र्याच्या मोटा आल्या, मग तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप आले, आणि मोट शिवणारा हात पायताणांपुरता उरला.

तो हात जेथे अजून टिकून आहे अशा कोल्हापुरात, सुभाषनगरच्या एका लहानशा कारखान्यात, मी एका ‘फुलपाखरा’ची नवी बैठक होताना पाहिली. सांगाडा मुंबईच्या जुन्या बाजारातून आलेला. कोणत्या तरी स्थानिक फॅब्रिकेटरने परदेशी मासिकातले चित्र पाहून वाकवला असावा असा, कारण त्याच्या दोन कर्णांत चांगला दोन बोटांचा फरक होता. अशा सांगाड्यांना तयार बैठका का बसत नाहीत, हे त्या दोन बोटांत सामावलेले आहे. बैठक सैल झाली तर बसणाऱ्याचे बूड थेट सळयांच्या सांध्यावर टेकते. आखूड झाली तर तीन कोपरे चढतात आणि चौथा काही केल्या चढत नाही. म्हणून जुन्या सांगाड्याचे माप कागदावर न घेता त्याच्या अंगावरच घ्यावे लागते. साठी ओलांडलेल्या कारागिरांनी, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, आधी मांजरपाटाची एक झोळी करून ती चारी टोकांवर टाचली, एका पोऱ्याला तीत बसवले, खडूने जागोजाग खुणा केल्या, आणि मग त्याला उठवून दुसऱ्या, अंगाने चांगल्याच भरलेल्या, माणसाला बसवले. कापड तिरक्यात ताणते आणि चामडे तसे ताणत नाही. उलट कापड जेथे ताणत नाही तेथे चामडे सहा महिन्यांनी ताणते. त्यामुळे मांजरपाटावरची खूण जशीच्या तशी चामड्यावर उतरवायची नसते. किती आत घ्यायची, याचे कोष्टक मामांच्या डोक्यात आहे, आणि ते त्यांनी मला सांगितले नाही.

मग कातडे जमिनीवर पसरले गेले. हे म्हशीचे, हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले. कोल्हापुरी चपलांचे चामडे ज्या पद्धतीने पूर्वापार कमावले जाते ती पद्धत पाहण्यासारखी आहे: चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवतात, त्यात हिरडा आणि साल यांचा काढा व भुगा भरतात, आणि ती गच्च फुगलेली पिशवी आढ्याला टांगतात, काढा कातड्यातून झिरपत, ठिबकत राहतो, तो परत वरून ओततात, काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, आणि असे करता करता कातड्याचे चामडे होते. हे काम परंपरेने ढोर अथवा कक्कय्या समाजाचे. शिवण्याचे काम चर्मकारांचे. क्रोमचे चामडे दिवसा-दोन दिवसांत तयार होते, मऊ असते, नाना रंगांत मिळते, आणि सोफ्यावर चढवायला उत्तमच. पण चार टोकांवर उघडे लोंबायचे असेल तर त्याच्या अंगी जो ताठपणा हवा तो नसतो. तीन ते चार मिलिमीटर जाडीचे, झाडपाल्याने कमावलेले चामडेच तेथे हवे, याविषयी पांपाचा खोगीरवाला आणि करवीरचा चर्मकार यांचे एकमत व्हावे. २०१५ साली अमलात आलेल्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाची कत्तलही निषिद्ध ठरल्यापासून येथील कारागिराची भिस्त मुख्यतः म्हशीच्या कातड्यावर आहे. ते जाड, भरड कणीचे आणि या कामाला सोयीचे असते, ही एक योगायोगाची गोष्ट.

जनावराच्या अंगावरचा प्रत्येक भाग सारख्या गुणाचा नसतो. पाठीचे चामडे घट्ट, खांद्याचे सुरकुतलेले, पोटाचे सैल आणि ताणणारे. बैठकीचे दोन उभे अर्ध भाग कापून ते मध्यभागी जोडायचे असतात, आणि ही जोड पाठीच्या कण्याच्या रेषेवर यावी, म्हणजे सर्वांत घट्ट भाग बसणाऱ्याच्या पाठीखाली येतो, असा दंडक आहे. कोपऱ्यांचे खिसे मात्र कडेला येतात, आणि नमुना थोडा बाहेर सरकवून चामडे वाचवण्याचा मोह येथेच होतो. मी तसे सुचवून पाहिले. मामांनी नमुना हलवला नाही, अंगठ्याने कडेचा भाग दाबून दाखवला आणि म्हणाले, “ही बाजू पोटाची, साहेब. हितनं खिसा काढला तर सहा म्हैन्यात लोंबल बघा. मग शिव्या आमाला.” मग उरलेल्या तुकड्यांकडे पाहत, मनाशी हिशेब केल्यासारखे, “ह्यात चपलांचं किती जोड निघालं असतं!” असेही म्हणाले, पण ती तक्रार नव्हती, तेथे प्रत्येक कातड्याचे मोजमाप जोडांतच होते.

मधली जोड करताना दोन्ही कडा रापीने तासून निम्म्या जाडीच्या केल्या जातात, जेणेकरून एकावर एक आल्यावर तेथे उंचवटा होऊ नये. आरीने पाडलेली भोके किंचित तिरपी, इंचाला पाच-सहा. मेण चोळलेला एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात आणि दोन्ही हात एकदम ताण देतात. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांना केवळ गाठून धरतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचेही सुटू लागतात. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे आपापल्या जागी उभे राहतात. खोगीर आणि मोट दोन्ही याच शिवणीवर चालली.

पण खरी परीक्षा कोपऱ्याच्या खिशाची. बैठकीच्या मागच्या अंगाला सुमारे वीतभर लांबीचा तुकडा तीन बाजूंनी शिवून खिसा होतो, आणि सळईचे वाकलेले टोक त्यात शिरते. बसणाऱ्याचे सगळे वजन त्या चार खिशांवर येते, त्यातही वरच्या दोहोंवर अधिक, आणि त्यातही शिवण जेथे सुरू होते त्या खिशाच्या तोंडापाशी सर्वाधिक. अडाणी कारागीर तेथे चौकोनी कोपरा ठेवून वर एक रिबिट ठोकतो, आणि चामडे पुढे नेमके त्या रिबिटापासून फाटते. मामांनी खिशाचे तोंड गोलाईत कापले, शिवण तोंडापासून दोन बोटे आत नेऊन परत फिरवली, आणि खिशाच्या आत, सळईचे टोक जेथे घासणार तेथे, पातळ चामड्याचे तिसरे अस्तर लावले, जे बाहेरून कधीच दिसणार नाही. या एका खिशाला जितका वेळ लागला तितक्यात शेजारच्या मुलाने चपलांचे तळ उरकले होते. शेवटी कडा ओल्या करून लाकडी दांडीने घासल्या गेल्या, चामड्याचे थर एकजीव होऊन काळसर चकाकी येईपर्यंत.

चढवण्याआधी सांगाड्याची झडती घ्यावी लागते, आणि ही गोष्ट हौशी मंडळी हमखास विसरतात. हिरड्याने कमावलेले चामडे आणि गंजलेले लोखंड यांची गाठ पडली, तीही ओलाव्यात, की चामड्यावर काळेकुट्ट डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. हिरडा आणि हिराकस यांची शाई करणाऱ्या आपल्या पूर्वजांना यात काही आश्चर्य वाटले नसते, कारण रसायन तेच: झाडपाल्यातला तुरट अंश आणि लोह यांचा संयोग. तेव्हा सांगाडा काचकागदाने घासून गंज पुरता काढावा, सांधे टिचकी मारून पाहावेत, तुटका सांधा आधी वेल्डिंग करून घ्यावा, आणि रंग पक्का वाळल्याखेरीज चामडे जवळ आणू नये. रंग वाळायला लागणारे चार दिवस वाचवून ज्यांनी बैठक चढवली त्यांच्या बैठकीवर चार कोपऱ्यांत चार ठसे कायमचे उमटलेले मी पाहिले आहेत.

नवी बैठक पहिल्या दिवशी आखूड वाटते, वाटायलाच हवी. वरचे दोन खिसे चढवून मग गुडघ्याने बैठक दाबत पुढचे दोन ओढायचे, आणि शेवटचा खिसा चढवायला दोन माणसे लागली नाहीत तर माप चुकले असे समजायचे. पहिले काही महिने ती ताठ, बोलणारी, जराशी अवघडलेली असते. पुढे बसणाऱ्याच्या अंगवळणी पडून तिचा पिवळट रंग मधासारखा गडद होत जातो. या काळात तेल चोपडण्याचा उत्साह आवरावा. तेलाने चामडे मऊ होते हे खरे, पण मऊ झालेले चामडे ताणतेही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मोठे वैऱ्याचे: खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवली की पाठीमागून बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवावी, उन्हात नव्हे.

खर्चाचा प्रश्न उरतो. अशा एका बैठकीला लागणारे चामडे, त्यावर जाणारे कारागिराचे दिवस आणि त्या दिवसांत न झालेले चपलांचे जोड यांचा हिशेब केला, तर तिची रास्त किंमत बाजारातल्या नव्या रेक्झिनच्या खुर्चीहून अधिक होते, आणि गिऱ्हाईक येथेच हटकून घासाघीस करते. तोच गृहस्थ संग्रहालयातल्या खुर्चीची छायाचित्रे दाखवून “अगदी अशीच पाहिजे” म्हणत असतो. २०१८-१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण मानांकन जिन्नसाला मिळते आणि जिल्ह्यांना मिळते, हाताला मिळत नाही. सुभाषनगरातल्या तरुण मुलांना या कामात राहायचे असेल, तर चपलेपलीकडचे, मोठ्या मापाचे आणि मोठ्या मोलाचे काम त्यांच्याकडे आले पाहिजे, आणि ते आजच्या घडीला तुमच्या-आमच्या माळ्यावर पडलेले आहे.

तेव्हा ज्यांच्याकडे असा एखादा सांगाडा असेल त्यांनी तो भंगारवाल्याच्या काट्यावर घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्या चर्मकाराच्या दारात नेऊन उभा करावा. मापाला दोन खेपा घालाव्या लागल्या तर कुरकुर करू नये, मजुरी ठरवताना चपलेचा भाव मध्ये आणू नये, आणि बैठक तयार झाली म्हणजे कारागिराला एवढी विनंती जरूर करावी, की मागच्या एका खिशावर त्याने आपले नाव, गाव आणि साल ठशाने उमटवावे. पुढे कधी तरी ती बैठक बदलायची वेळ येईल, तेव्हा कोणाकडे जायचे हे तरी कळेल.